विहीणबाईंचं लिख्नोव्ह

मुलीच्या घरी फार दिवस राहू नये, असं आमची आई म्हणायची. तिच्या काळी मुली पुण्यामुंबईपलीकडे दिल्या जात नव्हत्या, त्यामुळे सहा महिन्यांचा व्हिसा हा प्रकार तिच्या हिशेबात बसला नसता. २०२३ साली आम्ही दोघं मुलीकडे ह्यूस्टनला गेलो, तेव्हा पहिला महिना कौतुकात गेला आणि दुसऱ्या महिन्यापासून मला दुपार खायला उठू लागली. भूमी अभिलेख खात्यात जन्म काढलेला माणूस मी. समोर एखादं जुनं दप्तर नसलं की हातापायांना मुंग्या येतात. ते दप्तर मला सापडलं विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात.

आमचा जावई टेक्सासचा. त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, ह्यूस्टनच्या पश्चिमेला दीड-दोन तासांच्या अंतरावर शूलेनबर्ग गावाजवळ एकट्या राहतात. वय ८१. घराभोवती थोडी जमीन, चार गायी, आणि स्वयंपाकघरात कायम काहीतरी भाजल्याचा वास. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी 'कोलाच' पुढे ठेवले. गोल, मऊ पावासारखं प्रकरण, मध्ये खळगा आणि खळग्यात सारण. सौभाग्यवतींनी एक घास घेतला आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "अहो, खसखस आहे!" अनारशावर थापतो तीच खसखस, फक्त दुधात शिजवून गोड केलेली. त्या एका जिनसावर दोन्ही बायकांचं असं काही जमलं, की मी आणि जावई बाहेर गायी मोजत बसलो.

विहीणबाईंचं माहेरचं कूळ चेक. त्या भागातली निम्मी माणसं चेक कुळातलीच. ला ग्रेंज, शूलेनबर्ग, हॅलेट्सव्हिल असा तो पट्टा. जवळच प्राग नावाचं चिमुकलं खेडं आहे आणि मोराव्हिया नावाचंही आहे. बाहेरून साधी दिसणारी चर्चं आतून निळ्या-हिरव्या रंगांत, वेलीपानांत रंगवलेली. लाकडावर संगमरवराचा भास होईल असा रंग दिलेला. आपल्याकडच्या वाड्यांतल्या भित्तिचित्रांची आठवण व्हावी.

तर सांगायचं म्हणजे, आमच्या नातवाला शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितलं होतं. माझ्याकडे आमच्या घराण्याचा १९८९ साली छापलेला कुलवृत्तांत होता. मुलीने तो काढला आणि वृक्षाच्या डाव्या बाजूला अकरा पिढ्या भराभर चढल्या. उजव्या बाजूला विहीणबाईंचे वडील, त्यांचे आजोबा, आणि मग पेन्सिलीने एक शब्द: ऑस्ट्रिया. पुढे पांढरा कागद. विहीणबाईंनी तो तक्ता बराच वेळ डोळ्यांजवळ धरून पाहिला. त्यांना मोतीबिंदूच्या पलीकडचा काही विकार आहे, नजर हळूहळू जाते आहे. मग मला म्हणाल्या, "तुम्ही जमिनीची जुनी कागदपत्रं वाचत होतात ना? मग मला माझं गाव शोधून द्या. दिसतंय तोवर."

आता विहीणबाईंनी तोंडाने मागितलं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार!

त्यांच्या घरात तीन गोष्टी परंपरेने चालत आलेल्या होत्या. एक, आम्ही मूळचे प्रागचे. दोन, पणजोबा न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरले तेव्हा तिथल्या कारकुनाने आडनाव बिघडवलं. तीन, पणजोबा बादशहाच्या जंगलात मोठे अधिकारी होते. कुलवृत्तांताच्या कामात चार वर्षं काढलेला असल्यामुळे मला या तिन्ही गोष्टी ओळखीच्या वाटल्या. आपल्याकडेही प्रत्येक घराण्याचा मूळपुरुष पेशव्यांच्या पदरी असतोच. पेशव्यांचं दप्तर काढलं तर बहुधा तो सापडत नाही.

दुसरी गोष्ट तर एका दुपारीच निकालात निघाली. एलिस बेटावरचं केंद्र उघडलं १८९२ साली. विहीणबाईंचे पणजोबा आले १८८० साली, आणि तेही टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरात. शिवाय एलिस बेटावरचे कारकून नावं लिहून घेतच नसत. जहाज निघतानाच तयार झालेल्या यादीवरून ते माणसं ताडून पाहत. नावं बदलली ती नंतर, आणि बहुतेक वेळा ज्याची त्यानेच बदलली. शाळेच्या पटावर, बँकेत, दुकानाच्या पाटीवर. चेक भाषेत अक्षरांच्या डोक्यावर छोटी टोपणं असतात, ती आधी गळाली. बायकांच्या आडनावाला लागणारं 'ओवा' गळालं. कोणी क्रेइची, म्हणजे शिंपी, तो टेलर झाला. आडनाव बिघडल्याचा दोष परक्या कारकुनावर ढकलणं सोयीचं असतं इतकंच.

ही माणसं इतक्या लांब आली तरी का? तेव्हा चेक देश स्वतंत्र नव्हता. बोहेमिया आणि मोराव्हिया हे दोन्ही प्रांत व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग बादशहाचे, म्हणून कागदावर सगळे 'ऑस्ट्रियन'. १८४८च्या क्रांतीत वेठबिगार संपली, पण राजकीय स्वातंत्र्याची आशा चिरडली गेली. जमिनीचे वाटे होऊन होऊन तुकडे उरले. घरोघरी माग होते, ते कारखान्यांच्या कापडापुढे बसले. त्यात लष्करभरती. १८६६ साली प्रशियाने बोहेमियातच ऑस्ट्रियाचा दारुण पराभव केला, तेव्हा खेड्यापाड्यांनी युद्ध दारात पाहिलं.

आणि यात एका पत्राने ठिणगी टाकली. योसेफ बेर्गमन नावाचे एक पाद्री टेक्सासात कॅट स्प्रिंग इथे येऊन राहिले होते. त्यांनी मायदेशी लिहिलेली पत्रं मोराव्हियातल्या वर्तमानपत्रात छापून आली: इथे जमीन आहे, ती घेता येते. ती वाचून लेशिकार नावाच्या गृहस्थांनी १८५१ साली माणसांचा एक जथा जमवला. गंमत अशी, की लेशिकारांच्या बायकोने ऐन वेळी त्यांना जाऊ दिलं नाही. बाईचं शहाणपण म्हणायचं, कारण त्या जथ्यातली जवळजवळ निम्मी माणसं वाटेत आणि पोहोचल्या पोहोचल्या गेली. तरी दोन वर्षांनी लेशिकार स्वतः निघालेच! आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून मुंबईच्या गिरण्यांत माणसं कशी गेली? गावातला एक गेला, त्याने चार नेले. तसंच हे. मोराव्हियाच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातली, फ्रेन्श्टाट गावाच्या आसपासची खेडीच्या खेडी टेक्सासात शेजारीशेजारी येऊन बसली.

अमेरिकेत सगळीकडेच चेक पसरले. शिकागोत त्यांची एवढी वस्ती, की क्लादनो गावात जन्मलेला आंतोन सर्माक १९३१ साली तिथला महापौर झाला. १८९३च्या उन्हाळ्यात थोर संगीतकार द्वोरझाक न्यूयॉर्कला कंटाळून आयोवातल्या स्पिलव्हिल या चेक खेड्यात जाऊन राहिले आणि तिथे त्यांनी एक प्रसिद्ध रचना लिहून काढली. मॅकडोनाल्डचं जगभर जाळं विणणारे रे क्रॉक चेक आईबापांचे. १९७२ साली चंद्रावर चालून आलेला शेवटचा माणूस, यूजीन सर्नन, त्याचं आजोळ चेक. विहीणबाईंना हे शेवटचं फार आवडतं. बाकीच्यांशी त्यांना काही देणंघेणं नाही.

आता गाव शोधायचं. माझ्या मनात आलं, सरळ आहे, जहाजाची यादी काढू. पण ब्रेमन बंदराच्या जुन्या याद्या जागा पुरत नाही म्हणून तिथल्याच लोकांनी नष्ट केलेल्या. (दप्तर नष्ट करणारी माणसं सर्व देशांत सारखीच.) हॅम्बुर्गच्या याद्या १८५० पासून उत्तम जपलेल्या आहेत, पण आमची मंडळी गेली ब्रेमनहून. गॅल्व्हेस्टनच्या बाजूला बघावं, तर नेमक्या त्याच वर्षांत मोठं खिंडार. दोन्ही टोकं तुटलेली.

मग जनगणना. अमेरिकेत दर दहा वर्षांच्या जनगणनेचे मूळ तक्ते ७२ वर्षांनी खुले होतात, अगदी घरोघरच्या नावांसकट. १८९०चे तक्ते आगीत गेले. १९००चा तक्ता मात्र हाती लागला, आणि तो अमोल असतो, कारण त्यात जन्माचा महिना आणि साल, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला मुलं किती झाली, पैकी हयात किती, देशात कधी आले, सगळं विचारलेलं आहे. पणजीसमोर लिहिलं होतं: झालेली ९, हयात ६. ते दोन आकडे मी बराच वेळ बघत बसलो. मूळ देश: ऑस्ट्रिया. म्हणजे गाडी पुन्हा तिथेच.

त्याच ओळीत अजून एक गोष्ट होती. लग्नाला वर्षं २२. थोरल्या मुलाचं वय २४. हा थोरला मुलगा म्हणजे विहीणबाईंचे लाडके आजोबा. जावई म्हणाला, कारकुनाने चूक केली असेल. मीही तसंच म्हटलं. कारकून चुका करतात हे मला कोणी सांगायला नको.

शेवटी गाव सापडलं ते कागदावर नाही, दगडावर. विहीणबाईंना घेऊन आम्ही एका रविवारी प्रागजवळच्या दफनभूमीत गेलो. जुने दगड सगळे चेक भाषेत. 'झ्दे ओद्पोचीवा', इथे विसावला आहे. खाली नाव, 'रोझेना' म्हणजे माहेरचं नाव, मग जन्म आणि मृत्यू. पणजीच्या दगडाचा खालचा भाग गवतात गेला होता. जावयाने पाण्याची बाटली ओतून मऊ ब्रशने घासला, तेव्हा एक ओळ वर आली: जन्म अमुक साली, 'व लिख्नोव्ये ना मोराव्ये'.

विहीणबाई खूश! पण नकाशात 'लिख्नोव्ये' नावाचं गाव नाही. जावयाने तीन वेळा शोधलं. इथे मात्र मराठीचं व्याकरण कामाला आलं. आपण 'पुणे' म्हणतो, पण जन्म 'पुण्यात' होतो. कोणी परदेशी माणूस नकाशात 'पुण्या' शोधत बसला तर त्याला काय मिळणार? चेक भाषेला सात विभक्ती आहेत. प्राग त्यांच्या भाषेत 'प्राहा', पण प्रागमध्ये म्हणायचं तर 'व प्राझे'. तेव्हा 'लिख्नोव्ये' ही सप्तमी असणार, आणि मूळ नाव लिख्नोव्ह. शाळेत छड्या खाऊन पाठ केलेल्या विभक्त्या साठ वर्षांनी टेक्सासच्या दफनभूमीत अशा उपयोगी पडल्या.

याच नादात मी त्यांच्या भाषेतले शब्द गोळा करायला लागलो. आपला दीर तो त्यांचा जुना शब्द 'देवेर्झ'. स्नुषा ती 'स्नाखा'. अग्नी तो 'ओहेन्य'. मी विहीणबाईंना म्हटलं, बघा, सोयरीक आपली आज झालेली नाही.

असो. लिख्नोव्ह नावाची गावं निघाली दोन. एक ब्रुन्तालजवळ, एक फ्रेन्श्टाटजवळ, आणि दोन्ही देशाच्या त्याच पूर्वेकडच्या कोपऱ्यात. मी आधी पहिलं धरलं आणि तीन आठवडे वाया घालवले. ते गाव पूर्वी जर्मन भाषकांचं, त्याचं जर्मन नाव लिख्टन. १९४५ नंतर जर्मनांना हाकललं तेव्हा अशा गावांतली जुनी वस्ती गेली. आमचं आडनाव त्या वह्यांत कुठेच नाही. तेव्हा लक्षात आलं, की टेक्सासची माणसं फ्रेन्श्टाटकडची. हे मी आधीच वाचलेलं होतं, पण घाईत विसरलो. मोजणीच्या कामात मी कनिष्ठांना अशा चुकीबद्दल फार बोललेलो आहे.

त्या देशात जन्म, लग्न, मृत्यू यांच्या वह्या शेकडो वर्षं चर्चकडे असत. त्यांना 'मात्रिका' म्हणतात. दुसऱ्या योसेफ बादशहाने १७८४ साली त्यांना सरकारी दस्ताचा दर्जा दिला आणि रकाने ठरवून दिले. घरांना क्रमांक त्याच्याही आधी, १७७०-७१ साली, मारिया तेरेसा राणीच्या काळात पडले, लष्करभरतीसाठी. त्यामुळे प्रत्येक जन्माच्या नोंदीत घर क्रमांक असतो. हे वाचून माझ्यातला सरकारी नोकर सुखावला. आता या वह्या विभागवार अभिलेखागारांत आहेत, आणि पानन् पान संगणकावर फुकट बघता येतं. लिख्नोव्हच्या वह्या ओपावा शहरातल्या अभिलेखागाराच्या. ह्यूस्टनमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून मी मोराव्हियातल्या पाद्र्याचं अक्षर वाचू लागलो.

वाचू लागलो म्हणजे, बघू लागलो. जुन्या वह्या कधी लॅटिन, कधी जर्मन, कधी चेक, आणि लिपी 'कुरेंट' नावाची, जलद लिहायची. तिच्यात ए आणि एन जवळपास सारखे दिसतात, यू ओळखावा म्हणून डोक्यावर अर्धगोल काढतात. जावयाने एक पान पाहून हात टेकले. मला मात्र हे दृश्य ओळखीचं होतं. साताऱ्याच्या कचेरीत पहिल्यांदा मोडीचा रुमाल सुटला होता तेव्हा असंच झालं होतं. मोडीतही आधी रेघ, मग हात न उचलता अक्षरांची माळ, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. अशी लिपी अक्षर अक्षर लावून वाचायची नसते. आधी ठरावीक शब्द ओळखायचे, त्या माणसाची लकब ओळखायची, मग बाकीचं आपोआप सुटतं. आमच्या कागदांत शुहूर सनाचे अरबी आकडे येतात, यांच्याकडे महिन्याच्या जागी नुसता '७' आणि शेपटी. तो जुलै समजायचा नाही. सप्टेंबर, कारण 'सप्त'. अडाणी पक्षकार सहीच्या जागी तीन फुल्या काढतो आणि शेजारी दुसरा कोणी त्याचं नाव लिहितो. आपल्याकडे कुणबी 'निशाणी नांगर' करी, तसं.

सोळाव्या दिवशी रात्री साडेअकराला पणजीची नोंद सापडली. त्यानंतर तिचे आईबाप, मग त्यांचे. हुद्देही लिहिलेले असतात: पूर्ण जमीनवाला तो 'सेदलाक', झोपडी आणि परसाएवढी जमीन तो 'खालुप्निक', आणि दुसऱ्याच्या घरात आसऱ्याने राहणारा, हातावर पोट असलेला तो 'पोद्रुह'. विहीणबाईंचे खापरपणजोबा पोद्रुह. बादशहाच्या जंगलातला अधिकारी कुठे दिसेना. पण मी मनात म्हटलं, हे सांगायला हरकत नाही, हसतील.

मग १८७६ सालच्या वहीत त्यांच्या आजोबांचा जन्म सापडला. महिना जुळला, आईचं नाव जुळलं. आणि बापाच्या रकान्यात काही नाही. औरस-अनौरस असे दोन उभे रकाने असतात, त्यात खूण दुसऱ्यात होती.

जनगणनेच्या कारकुनाने चूक केलेली नव्हती.

मी संगणक मिटला. विहीणबाईंचे आजोबा त्या सोळा वर्षांच्या असताना, १९५८ साली वारले. त्यांना त्या 'स्तारझेचेक' म्हणतात. हा मोराव्हियातला शब्द, आजोबांसाठी, आणि त्यातला र आणि झ यांच्या मधला उच्चार मला शेवटपर्यंत जमला नाही. गायीची धार काढायला त्यांनी शिकवलं, ॲकॉर्डियन त्यांचं, स्वयंपाकघरात फोटो त्यांचा. आणि ८१ वर्षांच्या बाईला मी, पोरीचा बाप, तिच्या घरचं खाऊन, हे जाऊन सांगायचं? सौभाग्यवती म्हणाल्या, "गाव मागितलं होतं, गाव द्या. बाकीचं कशाला?"

मलाही पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, मी हे आधी एकदा केलेलं होतं.

आमच्या वडिलांची एक आत्या होती. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी विधवा. ती घरातून हिंगण्याला कर्व्यांच्या आश्रमात गेली, शिकली, मास्तरीण झाली आणि तिने पुन्हा लग्न केलं. कुलवृत्तांतासाठी आमच्या शाखेचा तक्ता मी भरत होतो तेव्हा वडिलांना विचारलं, आत्याआजीचं काय लिहू? ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "तिचं नको." मी ३६ वर्षांचा होतो, सरकारी अधिकारी होतो, दुसऱ्याच्या वारसनोंदीत एक नाव गळालं तर नोटिसा काढत होतो. आणि मी तो रकाना तसाच सोडला. छापलेल्या पुस्तकात माझ्या पणजोबांना तीन मुलगे, आणि मुलगी नाही. अकरा पिढ्या म्हणून नातवाच्या शाळेत कौतुकाने गेला तो हाच तक्ता.

त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे पुन्हा ते पान उघडलं, नीट बघावं म्हणून, आणि समासात बारीक अक्षरात काहीतरी दिसलं जे रात्री वाचलंच नव्हतं. ओळखीच्या शब्दांवरून आणि कोशावरून लावायला दुपार झाली. दोन वर्षांनी, १८७८ साली, आईच्या लग्नानंतर, एक माणूस दोन साक्षीदार घेऊन पाद्र्यासमोर आला आणि हा मुलगा माझा आहे, माझं नाव लावा, असं त्याने लिहून दिलं. खाली दोन साक्षीदारांच्या फुल्या आणि त्याची स्वतःची, मोठ्या कष्टाने काढलेली सही. दोन वर्षं का थांबला, तेही कायदे चाळल्यावर कळलं. भरतीच्या वयातल्या तरुणाला लष्करी देणं फिटेपर्यंत परवानगीशिवाय लग्न करता येत नसे. तेव्हा तो २२ वर्षांचा होता.

शनिवारी गेलो. मुलीला शेजारी बसवलं, कारण माझं इंग्रजी अशा कामाचं नाही. गाव सांगितलं, फोटो दाखवले, पोद्रुह सांगितला. त्या हसल्या. मग मी ते पान उघडलं, भिंग त्यांच्या हातात दिलं, रकाना दाखवला, आणि समास वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मुलगी माझ्याकडे बघायला लागली, की बाबा, हे तुम्ही काय केलंत.

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. म्हणाल्या, "स्तारझेचेक दर लग्नात दोन ग्लास बीअर झाली की सांगायचे, मी माझ्या आईच्या लग्नात नाचलो होतो. आम्हाला वाटायचं थट्टा करताहेत. आजी त्यांना गप्प करायची." आणि मग खरंच रडल्या. "ते सांगत होते. पन्नास वर्षं सगळ्यांना सांगत होते, आणि आम्ही हसत होतो."

त्या दिवशी त्यांनी पत्र्याचा डबा पूर्ण रिकामा केला. तळाला एक चेक पत्र होतं, कोणाला वाचता न येणारं. गावच्या मास्तरकडून लिहवून घेतलेलं असावं, पणजीच्या आईने पाठवलेलं. आम्ही ते नंतर एका जाणकाराकडून लावून घेतलं. राय या धान्याचा भाव, गाय आटल्याची तक्रार, कोण कोण वारलं त्याची यादी, आणि शेवटी 'मुलगा तिकडची भाषा शिकला का, आमची विसरला तर नाही' अशी चौकशी. बाकी काही नाही. एवढ्यासाठी तो कागद १४० वर्षं जपला गेला.

मी त्यांना शेवटचं दाखवलं ते माझ्या आवडीचं. ऑस्ट्रियाच्या बादशहाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सगळ्या राज्याची जमीन मोजून नकाशे केले, त्यातला लिख्नोव्हचा नकाशा. प्रमाण एकास २८८०. हा विचित्र आकडा का, तर त्यांची एक इंच बरोबर चाळीस वाव. आमच्या मुंबई इलाख्यात ३३ फुटांची साखळी, सोळा आण्यांची, चाळीस गुंठ्यांचा एकर. दोन्हीकडे चाळीस बघून मला उगाच बरं वाटलं. नकाशात दगडी घरं लाल आणि लाकडी घरं पिवळी, म्हणजे आग लागली तर कुठलं पेटेल ते कळावं. नोंदीतला घर क्रमांक धरून मी बोट ठेवलं. पिवळा, तीळभर चौकोन, मागे ओढा. विहीणबाईंनी नाक कागदाला लागेल इतकं जवळ नेऊन पाहिला. "दिसतोय," म्हणाल्या.

निघताना गाडीपाशी त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या त्या छापील पुस्तकात असं कोणी आहे का हो?" मी मुलीला म्हटलं, सांग, नाही. गाडी हमरस्त्याला लागल्यावर मुलीला आत्याआजीची गोष्ट सांगितली. तिने ती पूर्वी कधी ऐकलेली नव्हती. घरी पोहोचल्यावर तिने विहीणबाईंना फोन लावला आणि तो माझ्या हातात दिला.

आता साताऱ्याला परत आलो आहे. कुलवृत्तांताची माझी प्रत काढून आमच्या शाखेच्या पानावर समासात तिचं नाव लिहिलं आहे, जन्मसाल अंदाजे धरून. ते नाव इथे देत नाही. एकदा तिला न विचारता गाळलं, आता तिच्या मुलानातवंडांना न विचारता छापणं बरं नाही. पण ती आहेत कुठे? दुसऱ्या यजमानांचं आडनावही आमच्या घरात कोणी कधी उच्चारलेलं नाही. कऱ्हाडला माझी एक चुलतबहीण आहे, ९० वर्षांची. फोनवर ती म्हणाली, धारवाडकडचे होते वाटतं, ये, आठवेल. मंगळवारच्या गाडीने जातो आहे. विहीणबाईंनी बजावलं आहे, की जे सापडेल ते आधी त्यांना कळवायचं.